उणे 15, पण कुठल्या दाबाला?

मोठ्या सबस्टेशनातल्या बहुतेक ब्रेकरमध्ये, म्हणजे वीजप्रवाह तोडणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये, हवा नसते, सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा जड वायू असतो. तिथली माणसं त्याला नुसतं ‘एसएफ सिक्स’ म्हणतात. प्रवाह तोडताना उठणारी ठिणगी हा वायू विझवतो, शिवाय उच्चदाबाची वीज टाकीच्या भिंतीपर्यंत पोचू देत नाही. मात्र तो कोरडाच हवा. ठिणगीच्या उष्णतेने वायूचे तुकडे होतात. आत ओलावा असेल तर हे तुकडे पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, जे काचेलाही खातं. आणि थंड रात्री इन्सुलेटरवर पाण्याचा पातळ थर धरला, तर त्याच थरावरून वीज झेप घेते.

म्हणून ब्रेकरमधल्या वायूचा दवबिंदू मोजतात. ज्या तापमानाला वाफेचं दव पडू लागतं, ते तापमान म्हणजे दवबिंदू. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ते याचमुळे. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की ब्रेकरमध्ये वायू ज्या दाबाने भरलेला असतो, त्या दाबाला दवबिंदू उणे 5 अंश सेल्सिअसच्या वर नसावा. ही मर्यादा विचारपूर्वक घातलेली आहे. शून्याच्या इतक्या खाली वाफ साचली तरी तिचे हिमकण होतात, आणि बर्फाचा थर ओल्या थराइतका वीजवाहक नसतो.

या मर्यादेत ‘त्या दाबाला’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत, आणि घाईत विसरले जातात तेही तेच. समजा ब्रेकरमधला निरपेक्ष दाब 6 बार आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सहापट. नमुना बाहेर काढून वातावरणाच्या दाबाला मोजला आणि मीटरने उणे 15 दाखवलं. उणे 5 पेक्षा कितीतरी खाली, म्हणजे ठीकच की! पण दाब सहापट झाला की त्यातल्या वाफेचा दाबही सहापट होतो. उणे 15 ला बर्फावरच्या वाफेचा दाब सुमारे 1.65 हेक्टोपास्कल असतो; त्याची सहापट म्हणजे जवळजवळ 10, आणि तेवढ्या वाफेचं दव शून्याच्या वर 7 अंशांनाच धरू लागतं. निफाडकडे हिवाळ्यात पारा तितका सहज उतरतो. बाहेर मोजून ब्रेकर खरोखर मर्यादेत आहे असं म्हणायचं असेल, तर मीटरवर उणे 24 च्या आसपास किंवा त्याखालचा आकडा हवा. आकड्याशेजारी दाब लिहिलेला नसेल, तर ती नोंद मी अपुरीच मानतो.

मोजणीची मूळ कल्पना जुनी आहे. 1820 मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ डॅनियलने ईथरच्या बाष्पीभवनाने काच थंड करून तिच्यावर दव कधी धरतं ते पाहिलं होतं. आजच्या यंत्रात चकचकीत धातूचा छोटा आरसा विजेने थंड करतात. त्यावर प्रकाश टाकलेला असतो. दव धरलं की परावर्तन मंदावतं, आणि आरशामागचा प्लॅटिनमचा तापमापक त्या क्षणीचं तापमान सांगतो. शून्याखाली एक पेच आहे. आरशावर बर्फच असेल असं नाही, अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेल्या, पाण्याचे थेंबही टिकून राहतात. तेवढ्याच वाफेला बर्फ उणे 20 ला धरतो, तर थेंब सुमारे उणे 22 ला. म्हणून चांगली यंत्रं आधी आरसा खूप गार करून बर्फ धरवतात आणि मगच स्थिरावतात.

यंत्र उत्तम असूनही आकडा चुकतो, तो बहुतेकदा ब्रेकरमधून नमुना यंत्रापर्यंत आणणाऱ्या नळीमुळे. पावसाळ्यात 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच्या वाफेचा दाब सुमारे 32 हेक्टोपास्कल असतो. दवबिंदू उणे 40 असलेल्या नमुन्यात तो जेमतेम 0.13. नळीतला वायू कितीही जोरात बाहेर ढकलत असू दे, पाण्याची वाफ फक्त स्वतःच्या दाबातला फरक पाहते आणि रबरातून, सैल फिटिंगमधून आत झिरपते. वायू बाहेर गळतोय आणि त्याच फटीतून ओलावा आत येतोय, हे पहिल्यांदा ऐकताना खोटं वाटतं, पण मोजून दिसतं.

शिवाय नळीच्या आतल्या भिंतीला पाणी चिकटलेलं असतं. ते हळूहळू सुटतं, म्हणून सुरुवातीचे आकडे नेहमी ओले येतात: उणे 12, उणे 19, मग उतरण मंदावत जाते. स्टेनलेस स्टीलची आखूड, स्वच्छ नळी लवकर कोरडी होते, रबरी नळी तासन्‌तास पाणी सोडत राहते. आकडा स्थिर झाला की वायूचा प्रवाह थोडा वाढवून पाहावा. दवबिंदू तिथेच राहिला तर तो ब्रेकरमधल्या वायूचा. आणखी खाली गेला तर नळीचं पाणी त्यात अजून मिसळतंय.

इतका वेळ वायू सोडत राहणं परवडणारं नाही, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो एसएफ सिक्स सुमारे 23,500 किलो कार्बन डायऑक्साइडइतका वातावरण तापवतो. त्यासाठी नवी यंत्रं नमुना आतल्या टाकीत साठवतात आणि मोजणी झाल्यावर पंपाने परत ब्रेकरमध्ये भरतात.