किती व्यायाम म्हणजे अति? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

विद्यापीठांच्या होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारणारी पोरं पुढे लवकर मरतात, हा समज १८६० च्या दशकात इंग्लंडात चांगलाच रुजला होता. १८६७ मध्ये एफ. सी. स्की या शल्यविशारदांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीवर तोफ डागली. उत्तर द्यायला जॉन मॉर्गन हे डॉक्टर पुढे आले. ते स्वतः ऑक्सफर्डला वल्हवत असत, म्हणजे तटस्थ नव्हतेच. पण काम मात्र त्यांनी चिकाटीने केलं. १८२९ ते १८६९ या काळात शर्यतीत उतरलेल्या जवळपास तीनशे जणांचा त्यांनी माग काढला. हयात असलेल्यांना पत्रं लिहिली, गेलेल्यांच्या आप्तांकडे चौकशी केली आणि १८७३ मध्ये निष्कर्ष छापला. विम्याच्या कोष्टकांनुसार अपेक्षित होतं त्याहून ही मंडळी सरासरी दोनेक वर्षं जास्तच जगली होती.

आता यातली मेख अशी, की विद्यापीठात जाणारे मुळात सुखवस्तू घरातले आणि संघात निवड होणार ती धडधाकटांचीच. मग आयुष्य वल्ह्यांनी वाढलं, पैशाने, की उपजत प्रकृतीने? दीडशे वर्षांत अभ्यास हजारपट मोठे झाले, पण तुलना नेमकी कुणाशी करायची हे दुखणं काही पुरतं गेलेलं नाही.

प्राचीन वैद्यांनी हा प्रश्न वेगळ्याच टोकाने धरला होता. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असं सुश्रुतसंहितेत आहे आणि अर्धी शक्ती ओळखायची खूणही तिथेच दिली आहे: श्वास तोंडाने येऊ लागला की थांबा. त्यापुढे गेल्यास काय होतं त्याची यादीही आहे: तहान, खोकला, दम, ताप, उलट्या, शरीर झिजणं. वाग्भटांनी तर अति करणाऱ्याला हत्तीला ओढत नेणाऱ्या सिंहाची उपमा दिली. शिकार हातात असते, पण त्या ओढण्यातच सिंह संपतो. रोमन काळात ग्लॅडिएटरांवर उपचार केलेल्या गेलेन या वैद्यानेही धंदेवाईक मल्लांचं प्रचंड खाणं आणि प्रचंड मेहनत यांवर सडकून टीका केली. त्याला लहान चेंडूने खेळणं जास्त पसंत होतं. या सगळ्यांत मिनिटं, अंतर, पावलं कुठेच नाहीत. करणाऱ्याचा श्वास हेच माप. मला हे माप अजूनही जुनाट वाटत नाही.

आधुनिक वैद्यकाने मात्र आधी हृदयाचा धसका घेतला. स्वीडनच्या हेन्शेन यांनी १८९९ मध्ये स्कीइंगपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजावरून, त्यांचं हृदय मोठं असल्याचं नोंदवलं. त्यांना स्वतःला ती वाढ हितकारक वाटली होती. पुढच्या पिढ्यांतल्या अनेक डॉक्टरांना ती रोगाची सुरुवात वाटली. अमेरिकी धावपटू क्लॅरेन्स डीमार १९११ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकले, पण हृदयाच्या ठोक्यांबरोबर जादा आवाज ऐकू येतो म्हणून धावणं सोडण्याचा वैद्यकीय सल्ला त्यांना मिळाला होता. मधली बरीच वर्षं ते त्या शर्यतीपासून दूर राहिले. मग परतले आणि १९२२ ते १९३० दरम्यान आणखी सहा वेळा जिंकले. १९५८ मध्ये ते कर्करोगाने गेले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रुंद आढळल्या.

तोवर भीतीची दिशाच पालटली होती. १९५३ मध्ये ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. रोज शेकडो पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. गंमत म्हणजे मॉरिस यांनी पुढे गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तर ड्रायव्हरांच्या पँटी तरुण वयापासूनच कमरेला मोठ्या! म्हणजे फरक पूर्णपणे नोकरीने पाडलेला नव्हता. स्वतःच्याच निष्कर्षाला असा चिमटा काढणारे संशोधक विरळा.

अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये ‘एरोबिक्स’ हा शब्द घरोघरी पोचवला आणि धावण्याची लाट आली. लाटेबरोबर फाजील आत्मविश्वासही आला. मॅरेथॉन धावणाऱ्याच्या रोहिण्या तुंबतच नाहीत, असा दावा थॉमस बॅस्लर या अमेरिकी डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात केला. धावण्याचे मोठे प्रचारक जिम फिक्स १९८४ मध्ये ५२ व्या वर्षी धावतानाच हृदयविकाराने गेले, तेव्हा पारडं फिरलं. त्यांच्या वडिलांना पस्तिशीतच झटका आला होता आणि ते ४३ व्या वर्षी वारले होते, हे मात्र बातम्यांच्या गलक्यात मागे पडलं.

शांत उत्तर १९८९ मध्ये आलं. स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी तेरा हजारांवर स्त्री-पुरुषांची ट्रेडमिलवरची क्षमता मोजून पुढचे मृत्यू पाहिले. मृत्यूंतली सर्वांत मोठी घट क्षमतेच्या अगदी तळाच्या गटातून त्याच्या वरच्या गटात जाताना दिसली. त्यानंतर ‘मध्यम’ हा शब्द धोरणात शिरला. १९९५ च्या अमेरिकी शिफारशीत बहुतेक दिवशी ३० मिनिटं आली. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते.

मग जास्तीचं काय? २०१५ मध्ये कोपनहेगनच्या एका अभ्यासावरून ‘फार पळणं न पळण्याइतकंच वाईट’ असे मथळे झळकले. त्यातला सर्वांत जोरकस गट जेमतेम चाळीसेक जणांचा होता आणि त्यात मृत्यू झाले होते दोन. दोन मृत्यूंवर एवढा गाजावाजा! त्याच वर्षी साडेसहा लाखांहून अधिक लोकांच्या एकत्रित माहितीत किमान शिफारशीच्या तिप्पट ते पाचपट व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३९ टक्के कमी दिसला. दहापट किंवा त्याहून जास्त करणाऱ्यांमध्येही तो न करणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमीच होता. नुकसान शून्य असं मात्र नाही. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेत या स्की शर्यतीत जितक्या जास्त वेळा आणि जितक्या वेगात कुणी भाग घेतला, तितकं हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

इथे एक गल्लत नेहमी होते. हृदयावरचा दीर्घकालीन परिणाम हा एक प्रश्न आणि ‘ओव्हरट्रेनिंग’, म्हणजे सराव अंगावर उलटून कामगिरी घसरणं, हा दुसरा. दुसऱ्याचं मूळ नुसत्या श्रमांत नसतं. श्रम आणि ते भरून काढणारी झोप, अन्न, विश्रांती यांचा हिशेब बिघडण्यात असतं. आठवड्याला दोन तास धावणारा अर्धपोटी, अपुऱ्या झोपेचा माणूसही थकून कोसळू शकतो. २०१३ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी क्रीडावैद्यक संस्थांनी संयुक्त निवेदनात याच्या पायऱ्या मांडल्या. पहिलीत कामगिरी थोडे दिवस घसरते आणि विश्रांतीनंतर उलट सुधारते. दुसरीत सावरायला आठवडे किंवा महिने जातात. तिसरी म्हणजे खरा ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम: पुरेशी विश्रांती घेऊनही दीर्घकाळ न सुधारणारी घसरण, सोबत उडालेली झोप आणि चिडचिड. त्यासाठी रक्ताची एकही खात्रीची तपासणी नाही. रक्तक्षय, थायरॉइड, संसर्ग, अपुरा आहार अशी कारणं एकेक करून वगळावी लागतात. आणि खेळाडू नेमका दुसऱ्या पायरीवर होता की तिसऱ्या, हे बहुधा तो किती दिवसांनी बरा झाला त्यावरूनच, मागाहून, ठरवता येतं.