वाळूने कापलेलं जेड

जेड नावाचा मौल्यवान दगड छिन्नीने कोरता येत नाही, तो झिजवावा लागतो. चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाकडे, ताय सरोवराच्या परिसरात इ.स.पू. ३३०० ते २३०० या काळात नांदलेल्या ल्यांगचू संस्कृतीचे कारागीर नेमकं हेच करत होते, तेही धातूच्या हत्यारांशिवाय.

त्यांचं जेड म्हणजे नेफ्राइट, जेडचाच एक प्रकार. एक ते दहाच्या मोस मापनावर त्याची कठिनता ६ ते ६.५. पण खरी अडचण कठिनतेची नाही, चिवटपणाची आहे. आतले सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की घाव घालून हवा तसा ढलपा निघतच नाही. मात्र क्वार्ट्झची कठिनता ७, आणि क्वार्ट्झ साध्या वाळूत भरपूर असतं. म्हणून दोरीला ओली वाळू लावायची आणि ती दगडावर पुढेमागे ओढत राहायची. कापते ती वाळू. दोरी फक्त तिला फिरवते. सहाणेवर चंदन उगाळावं तसं हे काम, फक्त इथे दिवसचे दिवस जाणारे. दोरीच्या कापाच्या वळणदार खुणा काही वस्तूंवर आजही दिसतात.

या लोकांच्या दोन वस्तू खास: मध्ये भोक असलेली गोल चकती ‘बी’, आणि बाहेरून चौकोनी, आतून गोल अशी नळी ‘त्सुंग’. त्सुंगचं भोक पाडायला बहुधा बांबूसारखी पोकळ नळी वाळूवर फिरवत. दोन्ही तोंडांकडून भोक पाडत आणायचं. दोन्ही भोकं मध्यावर तंतोतंत जुळत नसत. त्सुंगमध्ये डोकावलं की मधोमध एक बारीक कंगोरा दिसतो, तो त्या चुकामुकीचा. मला त्सुंगवरच्या कोरीव चेहऱ्यांइतकाच हा कंगोरा मोलाचा वाटतो. कारागिराचा हात तिथे सापडतो.

हांगचौ शहराजवळच्या फानशान इथे १९८६ साली एका थडग्यात साडेसहा किलोचा त्सुंग मिळाला. त्यावर पिसांचा मुकुट घातलेला मनुष्य आणि त्याच्या खाली मोठ्या डोळ्यांचा पशू, असं चित्र आठ वेळा कोरलंय. प्रत्येक चित्र जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचं, रेषा केसासारख्या. एवढे श्रम ज्या वस्तूवर ओतले, ती अखेर मृताबरोबर मातीत ठेवली जाई. जियांगसू प्रांतातल्या सिदुन इथल्या एकाच थडग्यात तेहतीस त्सुंग निघाले.

हे कशासाठी, ते लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. अठराव्या शतकात चीनच्या छ्येनलुंग बादशहाला असे त्सुंग रथाच्या दांड्याचे भाग वाटले. त्याने हौसेने त्यांवर आपल्या कविता कोरून घेतल्या. त्यातल्या एकावर कविता सुलटी वाचायला घेतली, की जुने चेहरे उलटे होतात.