शिंपल्यांची नक्षी आणि बंद पेटीचा आजार

काचेच्या झाकणाची अष्टकोनी लाकडी पेटी, आत रंग जुळवून लावलेले बारीक शिंपले, मधोमध हृदय नाहीतर फूल. ही ‘सेलर्स व्हॅलेंटाइन’. खलाशी लांबच्या सफरीत बसून प्रेयसीसाठी ती घडवत, असा समज फार वर्षं चालला. डुलत्या जहाजावर मोहरीएवढे शिंपले डिंकाने ओळीत बसवायचे म्हणजे काय, याचा विचार कुणी केला नसावा. १९६१ साली ज्युडिथ कूलिज ह्यूज यांच्या लेखाने हा समज खोडला. शिंपले बरेचसे कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्यावरचे होते आणि दुरुस्तीला उघडलेल्या एका पेटीत तर तिथलं वर्तमानपत्रच निघालं. साधारण १८३० ते १८९० या काळात तिथल्या ब्रिजटाउन शहरातल्या दुकानांत या पेट्या तयार मिळत. खलाशी त्या विकत घेऊन घरी नेत.

शिंपल्यांच्या सजावटीची हौस त्याहून जुनी. इंग्लंडमध्ये एक्समथजवळच्या ‘आ ला रोंद’ या घरात जेन आणि मेरी पार्मिन्टर या चुलत बहिणींनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वरची गॅलरी शिंपले आणि पिसांनी मढवली. ती आता इतकी नाजूक झाली आहे की पाहुण्यांना तिथे जाऊ देत नाहीत.

शिंपला दगडासारखा कडक, मग तो खराब कसा होतो? संग्रहालयांच्या कपाटांतल्या शिंपल्यांवर भिंतीला लोणा लागावा तशी पांढरी भुकटी येई. १८९९ मध्ये बाइन या इंग्रज संग्राहकाने त्याचा दोष जंतूंना दिला आणि ‘बाइन्स डिसीज’ हे नाव रूढ झालं. जंतूंचा यात काहीच हात नाही. ओकसारखं लाकूड ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सोडतं. ती शिंपल्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटला खाते आणि वर क्षार फुटतात. टेनंट आणि बेअर्ड यांनी १९८५ मध्ये ते क्षार तपासून नक्की केले. म्हणजे धुळीपासून वाचवायला केलेली बंद पेटीच शिंपल्याच्या मुळावर येते.

घरी शिंपल्यांची चौकट करताना हीच चूक नव्या रूपात होते. चिकटवायला वापरलेलं, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲसिटिक आम्लच सोडतं. वाळताना हे आम्ल न सोडणारं ‘न्यूट्रल क्युअर’ सिलिकॉन घ्यावं. शिंपले चमकावे म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवणं तर उघड नुकसान, कारण बुडबुडे येतात तेव्हा शिंपलाच विरघळत असतो. दुसरा शत्रू मीठ. समुद्रावरून आणलेले शिंपले चार-पाच दिवस गोड्या पाण्यात ठेवावेत, पाणी रोज बदलावं, मग आठवडाभर सावलीत वाळवावेत. शंखाच्या आतल्या वळणात पाणी अडकतं, म्हणून तो तोंड खाली करून ठेवायचा. राहिलेलं मीठ दमट हवेत ओलावा ओढतं आणि डिंकाची पकड सुटते. चौकट पुसायला गेलं की एकेक शिंपला हातात येतो. वाहून आलेल्या लाकडालाही हीच प्रक्रिया, फक्त जाड तुकड्याला दिवस जास्त. लाटांनी घासलेल्या काचेला यातलं काहीच लागत नाही, धुतली की झालं.

पार्श्वफळीला ओक टाळावं, आम्लरहित पुठ्ठा बरा. चौकटीच्या मागच्या बाजूला दोन-तीन बारीक भोकं ठेवून आतून जाळी लावली की वाफ कोंडत नाही. भुकटी आधीच आली असेल तर कोरड्या मऊ ब्रशने काढून शिंपला गोड्या पाण्यात धुवावा आणि पेटी बदलावी. गेलेली झिलई मात्र परत येत नाही.