हाताच्या टप्प्यातली जागा

शरीराभोवतीचे ‘तेजोवलय’ यंत्राने मोजून देणाऱ्या शिबिरांचे फलक अलीकडे लातूर-नांदेडकडेही दिसू लागले आहेत. त्या छायाचित्रांतले रंग तळहाताखालच्या संवेदकाच्या आकड्यांवरून संगणक भरतो. माणसाच्या अंगातून ते निघत नाहीत. शरीरालगतच्या जागेचा वेगळा हिशेब मात्र मेंदू खरोखरच ठेवतो.

इटलीतील पार्मा येथे जाकोमो रिझोलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये माकडांच्या मेंदूतील, हालचालींची आखणी करणाऱ्या भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या काही चेतापेशी हाताला किंवा चेहऱ्याला स्पर्श झाला की उद्दीपित होत, आणि वस्तू त्या अवयवाजवळ नुसती आणली तरीही होत. तीच वस्तू दूर धरली की शांत राहत. पुढे मायकेल ग्राझियानो आणि चार्ल्स ग्रॉस यांना आढळले की हात सरकवला की यांतील अनेक पेशींचे दृष्टीचे क्षेत्रही, म्हणजे जिथल्या वस्तूला पेशी प्रतिसाद देते ती जागाही, हाताबरोबर सरकते, मग नजर कुठेही खिळलेली असो.

हे क्षेत्र ताणलेही जाते. जपानमधील अत्सुशी इरिकी यांच्या गटाने माकडांना लहानशा दाताळ्याने लांबचा खाऊ ओढून घ्यायला शिकवले आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. आधी हाताभोवतीच असलेले पेशींचे दृष्टिक्षेत्र, काही मिनिटे दाताळे वापरल्यावर, त्याच्या टोकापर्यंत पसरलेले आढळले. दाताळे नुसते हातात धरून ठेवले तर क्षेत्र वाढत नसे, आणि वापर थांबल्यावर थोड्या वेळाने ते पुन्हा आक्रसत असे. थोडक्यात, अवजाराच्या लांबीपेक्षा त्याने साधायची क्रिया महत्त्वाची ठरते. याचे एक स्पष्टीकरण बीडकडच्या ऊसतोडीत पाहता येईल: कोयता बुडख्यावर बसतो तेव्हा घाव डोळ्यांना पात्याशी दिसतो आणि हादरा त्याच क्षणी मुठीत जाणवतो. असे दोन संदेश वारंवार एकाच वेळी पोहोचले, तर पात्याजवळच्या दृश्याचे संकेत आणणाऱ्या, एरवी दुबळ्या असलेल्या जोडण्या हाताची संवेदना घेणाऱ्या पेशीवर बळकट होतात, आणि मग ती पेशी पात्याजवळच्या वस्तूलाही हाताजवळची समजू लागते.

माणसातला यासंबंधीचा विलक्षण पुरावा २००० मध्ये ॲना बेर्ती आणि फ्रान्चेस्का फ्रासिनेत्ती यांनी मांडला. मेंदूच्या उजव्या भागाला झटका आलेल्या एका रुग्णाचे जवळच्या जागेतील डाव्या बाजूकडे लक्ष जात नसे, त्यामुळे जवळच्या रेषेचा मध्य दाखवताना बोट उजवीकडे झुके. दूरच्या रेषेचा मध्य प्रकाशकिरणाने दाखवायला सांगितला, तर तो ठीक जमे. तीच दूरची रेषा लांब काठीने दाखवायला सांगितल्यावर मात्र चूक परत आली. अंतर बदललेले नव्हते. काठीमुळे रेषा हाताच्या टप्प्यात आली होती.