चक्रीवादळ निवारा: किल्ली कोणाकडे?

रायगड-रत्नागिरीकडे चक्रीवादळ निवारा केंद्राचा विषय निघाला की बोलणं जागा आणि निधीवरच अडतं. ही इमारत कशी असावी याची शिकवणी मात्र बंगालच्या उपसागराच्या काठी झाली, तीही फार महागात.

१९७० च्या भोला चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात ३ ते ५ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. त्यानंतर बांगलादेशात निवारे उभे राहिले, इशारा देत फिरणारे स्वयंसेवक तयार झाले, गुरांसाठी मातीचे उंचवटेही रचले गेले. तरी २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक दगावले. इशारा पुष्कळांपर्यंत पोहोचला होता. पण निवारे थोडे, तेही लांब. दावणीची गाय सोडून कोण जाणार? आणि बायकांनी परक्या पुरुषांच्या गर्दीत, संडास नसलेल्या खोलीत रात्र कशी काढायची? मृतांमध्ये बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, ते उगाच नाही. पुढच्या निवाऱ्यांत म्हणून बायकांसाठी वेगळी खोली आली, आणि खांबांवर उचललेल्या त्याच इमारतीत एरवी प्राथमिक शाळा भरू लागली. लाटेचं पाणी खालून निघून जातं, वर वर्ग.

ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने सुमारे १० हजार बळी घेतले. तेव्हा अख्ख्या किनाऱ्यावर रेडक्रॉसचे जेमतेम २३ निवारे होते; पुढे ही संख्या ८०० च्या वर गेली. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळाआधी जवळपास १० लाख लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. श्रेय एकट्या इमारतींचं नाही, हवामान खात्याचा अंदाजही तोवर बराच सुधारला होता. पण ओडिशाने एक शहाणपण केलं: निवारा गावच्या समितीच्या ताब्यात दिला. तिथे अंगणवाडी भरते, बचत गट बसतात, लग्नं लागतात. भाड्याचे पैसे देखभालीला. जेवणावळी उठतात तिथे नळाला पाणी आहे का, संडासाची कडी निघाली आहे का, हे गावाला आपोआप कळतं. किल्ली शोधत तालुक्याला पळावं लागत नाही.

चक्रीवादळाचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात २०१५ साली महाराष्ट्र आणि गोवाही आले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या आसपास धडकलं तेव्हा, ऐन कोरोनात, लोकांना हलवायला हाताशी होत्या त्या मुख्यतः शाळाच. रायगडात कित्येक शाळांचे पत्रेही त्याच वाऱ्यात उडाले.

निवाऱ्याचा नकाशा समोर आला की खांबांची उंची अभियंते बघतीलच. लग्नाची भांडी ठेवायला खोली काढली आहे का, ते मी आधी बघतो.