छोट्या मोटारीवरची चकाकी

१:२४ प्रमाणात बनवलेल्या मोटारीच्या प्रतिकृतीत चाके, आरसे, दारांच्या फटी असे सगळे काही चोवीस पटींनी लहान झालेले असते; लहान होत नाही तो रंग. खऱ्या मोटारीच्या रंगावर साधारण ४० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा पारदर्शक थर असतो. त्या हिशेबाने प्रतिकृतीवरचा थर जेमतेम २ मायक्रोमीटरचा हवा, पण इतका पातळ थर हाताने फवारून सलग बसवता येत नाही आणि प्रत्यक्षात तो कित्येक पटींनी जाड होतो. त्यावर दोन-दोन मिलिमीटरच्या अंतराने आलेले उंचवटे खऱ्या मोटारीवर जवळजवळ पाच सेंटिमीटर अंतराचे झाले असते, आणि असा रंग कोणत्याही कारखान्यात नापास ठरला असता. प्रतिकृतीचा रंग घासून पॉलिश करावा लागतो तो मुख्यतः यासाठी.

हे उंचवटे, म्हणजे रंगकाम करणाऱ्यांच्या भाषेत ‘ऑरेंज पील’, येतात कसे? फवाऱ्यातून आलेले थेंब पृष्ठभागावर पडून एकमेकांत मिसळतात आणि पृष्ठताण त्यांना सपाट करू लागतो. पण त्याच वेळी थिनर उडून जात असल्यामुळे रंग घट्ट होत जातो. ओल्या थरावरची लाट दुप्पट लांबीची असेल, तर ती सपाट व्हायला सोळा पट वेळ लागतो; थराची जाडी निम्मी झाली, तर आठ पट. त्यामुळे बारीक खरखर आपोआप मिटते, तर रुंद उंचवटे मिटण्याआधीच रंग सुकतो. शेवटचा थर जरा ओलसर, भरगच्च मारावा, या अनुभवी मंडळींच्या सल्ल्यामागे हेच गणित आहे. अर्थात भरगच्च थराने दारांच्या फटी आणि बारीक नक्षी बुजते, म्हणून मोठ्या मोटारीवर चालणारा हा उपाय प्रतिकृतीवर फार ताणता येत नाही.

उंचवटे कापून काढण्यासाठी पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर वापरतात. पाण्यामुळे रंगाचा भुगा वाहून जातो आणि पृष्ठभाग थंड राहतो. साबणाचा एखादा थेंब घातल्यास कागद अडखळत नाही. इतके करूनही पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतो, पण डोळ्याला दुधी दिसतो. याचे कारण असे की, पृष्ठभागाने आरशासारखे वागायचे असेल, तर त्यावरील चढउतार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने बरेच लहान असावे लागतात. लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकषानुसार, हिरव्या प्रकाशासाठी आणि समोरून पाहताना ही मर्यादा सुमारे ७० नॅनोमीटर येते. वॉटर पेपरचा नंबर जितका मोठा, तितके त्यावरचे कण बारीक; पी-२००० नंबरच्या कागदावरचे कण सरासरी १० मायक्रोमीटरचे असतात. त्यांचे ओरखडे कणांहून बरेच उथळ असले, तरी या मर्यादेत बसत नाहीत. प्रतिकृती लहान केली म्हणून प्रकाशाची तरंगलांबी लहान होत नाही, त्यामुळे येथे सवलत मिळत नाही.

पॉलिश करणे म्हणजे ओरखडे नाहीसे करणे नव्हे, तर त्यांच्या जागी अधिकाधिक बारीक ओरखडे आणणे, हा विचार न्यूटनने काचेच्या संदर्भात १७०४ मध्येच मांडला होता. तो समजला की मधला नंबर गाळणे किती महागात पडते हेही समजते, कारण बारीक कणांना जाड कणांचा खोल ओरखडा मिटवायला फार वेळ लागतो. विमानांच्या ॲक्रिलिक खिडक्यांसाठी तयार झालेले मायक्रो-मेशचे कापड प्रतिकृतीकारांनी याचसाठी आपलेसे केले. मात्र त्यावरचा १२००० हा आकडा वॉटर पेपरच्या नंबरांशी जुळत नाही, ती मोजणी वेगळी आहे. त्यानंतर तामिया कंपनीच्या पॉलिशिंग कंपाउंडसारखी लापशी मऊ कापडाने, क्रमाक्रमाने बारीक करत वापरतात.

सर्वांत मोठा धोका कडांना असतो. सुकताना पृष्ठताणामुळे रंग धारदार कडेपासून मागे सरकतो, म्हणून तेथे थर आधीच पातळ असतो. शिवाय घासताना बोटाचा सगळा दाब त्या अरुंद रेषेवर येतो. म्हणून बॉनेटच्या आणि चाकांवरच्या कमानींच्या कडांवर आधी चिकटपट्टी लावावी आणि ती काढल्यावर केवळ सर्वांत बारीक कंपाउंड हलक्या हाताने फिरवावे, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते. मेटॅलिक रंगात तर मूळ रंगाला कागद लावूच नये: ॲल्युमिनियमचे चपटे कण उघडे पडून डाग दिसतात. तेथे घासायचा तो वरचा पारदर्शक थर.

घाईचा परिणाम उशिरा दिसतो. लॅकर, म्हणजे थिनर उडून सुकणारा रंग, वरून सुकले, तरी आत थिनर अडकलेला असतो; तो पुढे हळूहळू बाहेर पडताना थर आकसतो आणि खालच्या प्लास्टिकवरचे ओरखडेही वर उमटतात. लॅकर उष्णतेने मऊ होते, त्यामुळे वेगवान यंत्राने पॉलिश करणे टाळलेलेच बरे.

काम जमले की नाही, हे पाहण्यासाठी ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पुरते. प्रतिबिंबाची कड वेडीवाकडी असेल तर उंचवटे राहिले आहेत. कड सरळ पण भोवती धुकट असेल तर बारीक ओरखडे राहिले आहेत. ही तपासणी समोरून करावी, कारण अगदी तिरक्या कोनातून खरखरीत पृष्ठभागही चकाकतो. काळ्या रंगात दोष जास्त दिसतात: आतून परत येणारा प्रकाश जवळजवळ नसतो, आणि वरच्या पृष्ठभागावरून परतणारा सुमारे चार टक्के प्रकाशच काय तो डोळ्यांपर्यंत पोहोचतो. मेण लावण्याआधी साबणाच्या पाण्याने कंपाउंडमधले तेल धुऊन मगच पाहावे. तेल आणि मेण ओरखडे भरून झाकतात, आणि ते निघून गेले की ओरखडे पुन्हा दिसू लागतात.