सागरी बदकांच्या आहाराचा अभ्यास

आयडर, स्कोटर, लांबशेपटी बदक यांसारखी समुद्रावर हिवाळा काढणारी बदके काय खातात हे तपासणारी आणि त्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवणारी संशोधनशाखा. लांबशेपटी बदक, मखमली स्कोटर व स्टेलरचा आयडर या जाती धोक्यातील जीवांच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहेत.

ही बदके बुडी मारून तळावरचे शिंपले अख्खे गिळतात आणि पेषणीत, म्हणजे पोटाच्या स्नायुमय भागात, त्यांचा चुरा करतात. बर्फाळ पाण्यात कवच फोडायला व थंडगार घास तापवायला बरीच ऊर्जा लागते. त्यामुळे पोट भरलेले असूनही पक्षी खंगू शकतो. म्हणून शिंपल्याची जात, लांबी आणि मांसाचे प्रमाण या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण चष्मेवाल्या आयडरचे आहे. तो हिवाळ्यात कुठे जातो हे १९९५ पर्यंत ठाऊक नव्हते. पक्ष्यांवर बसवलेल्या उपग्रह-प्रेषकांमुळे त्याचे थवे अलास्का व रशिया यांमधल्या बेरिंग समुद्रात, सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेस, बर्फाच्या भेगांमध्ये सापडले. तेथे तळ ४० ते ७० मीटर खोल आहे. मार्च २००१ मध्ये तपासलेल्या पक्ष्यांच्या अन्ननलिकांत फक्त शिंपले होते, तेही मुख्यतः न्यूक्युलाना प्रजातीचे. पूर्वी त्या तळावर मॅकोमा या दुसऱ्या शिंपल्याचे प्राबल्य होते. हा बदल कळला, कारण जुन्या सागरी सफरींत उपसलेल्या गाळाच्या नोंदी तुलनेसाठी हाताशी होत्या.

अभ्यासपद्धतीनुसार उत्तर बदलते, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. पेषणीत कठीण कवचे टिकतात, मऊ किडे लवकर विरघळतात. त्यामुळे केवळ पेषणी पाहिली तर शिंपल्यांचा वाटा फुगतो. अन्ननलिकेतला घास अधिक विश्वासार्ह. मात्र त्यासाठी पक्षी मेलेला लागतो, आणि संकटातल्या जातीबाबत ही किंमत जड आहे. म्हणून आता विष्ठेतील डीएनए आणि रक्त-पिसांतील स्थिर समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे, किरणोत्सारी नसलेले अणू) वापरतात. डीएनएवरून खाद्याची जात कळते, प्रमाण खात्रीने कळत नाही. समस्थानिकांवरून आहाराचा अन्नसाखळीतील स्तर कळतो, पण भक्ष्याची नेमकी जात बहुधा नाही.

अन्न तुटले की परिणाम झपाट्याने दिसतो. १९९९–२००० च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात सुमारे २१,००० आयडर मेले. शिंपल्यांचा तुटवडा आणि त्यांची अतिरेकी मासेमारी यांकडे संशोधकांनी बोट दाखवले.

निष्कर्षांच्या टक्केवारीपेक्षा मूळ नोंदी प्रसिद्ध होणे अधिक मोलाचे: प्रत्येक पक्ष्याची तारीख, ठिकाण, खोली, वय, लिंग, भक्ष्याची लांबी व शुष्क वजन. रिकाम्या अन्ननलिकाही त्यात मोजाव्यात, नाहीतर उपासमार दिसतच नाही. घरट्यांची अचूक जागा तेवढी झाकावी. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कॉटम यांनी उत्तर अमेरिकेतील बुडी मारणाऱ्या बदकांच्या आहारावर केलेले काम अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९ मध्ये छापले. पूर्वीचा आहार जाणून घ्यायला ते आजही उपयोगी पडते.

अशा नोंदी नसल्या की काय होते ते लॅब्रॅडॉर बदक दाखवते. उत्तर अमेरिकेतले हे सागरी बदक १८७० च्या दशकात नामशेष झाले. संग्रहालयांत त्याचे सुमारे ५५ नमुने उरले आहेत. ते काय खात असे याचा अंदाज मोजक्या त्रोटक उल्लेखांवरून आणि त्याच्या रुंद, मऊ कडांच्या चोचीवरूनच बांधावा लागतो.